लाल चोचीचं पाखरू

मौजे मोहाळा, बाजारहत्नूर
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय व्यंकटेश,

मोठा जवाई म्हणून आशीर्वाद देतो, तो आधी घे. मंग बाकीचं वाच.

तुले फोन करणं मी सोडलं. फोन केला का तू दोनदा 'बरं आहे, बरं आहे' म्हणतं अन् सुनबाईच्या हातात देऊन टाकतं. मंग माह्या ध्यानात आलं, हा माणूस सारी जिंदगी बोथच्या तहसीलात बसला अन् आलेल्या कागदाले जवाब दिल्याबिगर कधी टेबलावरून उठला नाई. तवा आता कागदच धाडतो. पाहू कसा गप बसतं.

तुयं सारं समजलं. दिवाळीत न्हाणीत पडला, खुब्यात सळई बसवली. डाक्टर म्हणते चाला, अन् तू म्हणतं, चालून जायचं कुठं हाये? खिडकीचा पडदा बी सरकवू देत नाई, असं सुनबाई सुनयना सांगे. वहिनी गेल्यावर तू भार्गवकडे हैदराबादले राहाले गेला, तवा वाटलं पोराजवळ बरा राहीन. पण 'मी आता गावाकडे येत नसतो' असं तू म्हटलं, ते तुया अक्काले लय लागलं. ती बोलून दाखवत नाई. भाकर थापता थापता मात्र तिचा हात मधातच थांबते.

मी तुले ये म्हणत नाई. मले तुयाशी येगळंच काम हाये.

आपल्या विहिरीकडच्या बांधावर मोह हाये, तुले ठाऊकच हाये. त्याच्यावर एक पाखरू येते. चिमणीपेक्षा जरा लहान. पाठ निळसर राखुंडी, पोट पक्क्या इटीच्या रंगाचं, अन् शेपूट म्हणजे नावाले. डोळ्यातून मागे मानेपर्यंत एक काळी रेघ. ज्वारी राखाले बसतो तवा रोज दिसते. तुया नोकरीत तू दौऱ्यावर जाऊन फायली कमी अन् पाखरं जास्त पाह्यली, हे साऱ्या तालुक्याले माईत हाये. तरी हे पाखरू कोणतं, ते लेखी कळवावं.

तुया भाऊजी,
नागोराव


हैदराबाद
११ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊजी,

उठून वाकता येत नाही, म्हणून बसल्या जागेवरून नमस्कार.

आपला कागद पावला. त्यातला माझ्या तब्येतीविषयीचा मजकूर वाचून दप्तरी दाखल केला आहे.

पक्ष्याविषयी : निळी पाठ, विटकरी पोट, आखूड शेपूट. हा खंड्या. त्यातला छोटा खंड्या. विहीर आहे, पलीकडे नाला आहे, मासोळ्या टिपायला येत असणार. एवढ्यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. आणि पुस्तक माळ्यावर आहे, काढणार कोण? पाखरं बघायचे माझे दिवस संपले, भाऊजी. या घरातून फक्त समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. पडदा उघडून करू काय?

प्रकरण निकाली काढले आहे. अक्काला सांगा, मी बरा आहे.

आपला,
व्यंकटेश


मौजे मोहाळा
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय व्यंकटेश,

खंड्या? अरे बाप्पा! तू मले काय बैल समजतं का? खंड्या मी चड्डी घालत होतो तवापासून पाहून राह्यलो. अन् मासोळ्या कुठच्या? नाला पूस महिन्यातच आटला. तिथं आता पोट्टे क्रिकेट खेळतात. हैदराबादेत बसून निकाल देऊन टाकला, ना साक्ष ना पुरावा!

ऐक आता. हे पाखरू झाडाच्या बुंध्यावर चालते. अन् चालते कसं, तर मुंडकं खाली अन् शेपूट वर. वरून सरळ खाली उतरते, खार उतरते तसं. मधातच थांबून सालीच्या फटीत चोच घालते, किडा ओढते, गिळते, अन् पुन्हा खाली. मी बी मुंडकं उलटं करून पाह्यलं. मान धरली. तुई अक्का दोन दिवस तेल चोळून राह्यली अन् हसून राह्यली.

अजून एक सांगाचं राह्यलं. मोहाच्या ढोलीचं तोंड कोणीतरी चिखलानं लिंपलं होतं. मले वाटलं, कुंभारीण माशीचं घर. ज्वारी कापाले बाया येतीन, कोणाले चावन, म्हणून इळ्यानं खरवडून टाकलं. चिखल कसला, सिमेंटच तो, इळ्याची धार गेली. सकाळी जाऊन पाहतो तं पुन्हा लिंपेल! दबा धरून बसलो. तं हेच पाखरू! विहिरीच्या डोणीखालचा चिखल चोचीत आणते, ठोकून ठोकून बसवते, मागे सरकून पाहते, पुन्हा ठोकते. अक्का डोक्यावर हंडा घेऊन तशीच उभी. म्हणे, माह्या सारवणापेक्षा बरं लिंपते हो हे!

प्रकरण निकाली निघालं नाई. पुन्हा उघडावं.

नागोराव


हैदराबाद
२४ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊजी,

विळ्यानं खरवडलंत? भाऊजी, तुम्हाला काही वाटलं कसं नाही? मी अजून तहसीलात असतो तर तुमच्या नावे नोटीस काढली असती आणि शिपाई पाठवून सही घेतली असती. ढोलीचं तोंड लिंपलेलं आहे म्हटल्यावर माणसानं आधी शंभर हात लांब बसून बघायचं असतं. इतकी वर्षं शेती केलीत, गाईच्या गोठ्याचं दार कुणी येऊन पाडलं तर चालेल का तुम्हाला?

रागाच्या भरात सुनयनाला स्टूलवर चढवून पुस्तक खाली काढलं. धूळ झटकता झटकता दोघांनाही शिंका. खंड्या मी मागे घेतो. तुमचं पाखरू शिलींध्री आहे. मला पत्र वाचतानाच कळायला हवं होतं. सुतारपक्षी शेपटीचा टेकू घेऊन वर चढतो, डोकं खाली करून उतरणं त्याला जमत नाही. शिलींध्रीला शेपटीचा टेकू लागतच नाही. नुसत्या नखांवर ती वर, खाली, आडवी, फांदीच्या पोटाखालून, कुठूनही चालते. आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून आपल्यापुरतं बारीक करते, म्हणजे मैनेला शिरता येत नाही. नराचं पोट विटकरी, मादीचं फिकट. तुम्ही पाहिला तो नर.

इंद्रवेल्लीकडे दौऱ्यावर असताना मी ही एकदाच पाहिली होती. जीप थांबवायला लावली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. तेवढ्यात ती उडूनही गेली. घरटं तर मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि तुम्ही त्यावर विळा चालवता!

आता ढोलीकडे फिरकू नका. विहिरीच्या काठाशी बसा. चिखल एकटी आणते की दोघं, किडे कोणते, आवाज कसा, सगळं लिहा.

आपला,
व्यंकटेश

ता. क. खार नक्की कशी उतरते ते पाहायला काल लिफ्टनं खाली बागेत गेलो होतो. मागचे पंजे उलटे वळवून सालीत रुतवते. शिलींध्री तसं करत नाही, ती एक पाय वर अडकवते आणि दुसऱ्यावर तोलते. व्यायाम म्हणून गेलो नव्हतो. पडताळणीसाठी गेलो होतो.


मौजे मोहाळा
६ मार्च २०२४

प्रिय व्यंकटेश,

तू बागेत गेला हे मी मोठ्यानं वाचलं, तं तुई अक्का म्हणे, तेवढंच पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मंग म्हणे, पडताळणी म्हणजे काय हो? मी म्हटलं, पडताळणी म्हणजे तुया भाऊ पायानं चालला. तिनं त्या दिवशी शिरा केला. मले तं वाटलं कोणाचा वाढदिवस हाये.

नोटीस कबूल हाये. शंभर हात काय, मी आता विहिरीपल्याड बसतो. चिखल दोघं बी आणत. आता लिंपणं झालं. एकजण आतच बसून राह्यते. दुसरा बाहेरून आळी, कोळी, काय सापडन ते घेऊन येते, त्या बारक्या भोकातून आतली चोच बाहेर येते, घास घेते, अन् पुन्हा आत. दिवसभर हेच. आवाज म्हणजे उंदीर चिरकल्यावानी, पण गोड. मोहाची पानं गळून राह्यली, म्हणून सारं साफ दिसते. मी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटाले निघतो अन् इथंच बसून राह्यतो. गडी लोकं म्हणतात, मालकाले झालं काय?

पण एक भानगड हाये. तू पत्रात चोचीबद्दल काई लिहलं नाई. ह्या पाखराची चोच लाल हाये. लाल म्हणजे गुंजेसारखी. तुया पुस्तकात पाहून सांग, असं चालते का?

नागोराव


हैदराबाद
१३ मार्च २०२४

ती. भाऊजी,

लाल चोच!

आपलं पत्र दुपारी आलं आणि मी जेवण अर्धं टाकून पुस्तक घेऊन बसलो. सुनयना रागावली. लाल चोचीची शिलींध्री असते. मखमली शिलींध्री तिचं नाव. पण तिचं कपाळ काळं असतं, मखमल चिकटवल्यासारखं, आणि पाठ जांभळट निळी. पोट विटकरी नसतं. विटकरी पोट आणि लाल चोच एका अंगावर येतच नाहीत. तुम्ही एका पाखराच्या अंगावर दोन पाखरांचे दागिने घालून ठेवले आहेत.

म्हणून विचारतो, नीट आठवून सांगा. कपाळ काळं आहे का? चोच मुळापासून लाल की नुसतं टोक? सकाळचं ऊन पडलं की काळी चोचसुद्धा कधी तांबूस भासते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा उजवा की डावा?

मी आता रोज संध्याकाळी बागेत जातो. कडुनिंबाखाली एक बाक आहे, तिथपर्यंत. काल एक नाचण आलं होतं, शेपटीचा पंखा करून. पुस्तकात बघावं लागलं नाही.

अक्का काय म्हणते? तिला किती रंगाची चोच दिसते?

आपला,
व्यंकटेश


मौजे मोहाळा
२० मार्च २०२४

प्रिय व्यंकटेश,

कपाळ कधी काळं दिसते, कधी नाई. उन्हावर हाये. डोळा उजवा, पण तो चांगला हाये, आदिलाबादच्या डाक्टरनं झकास केला. अक्काले इचारू नको, ती म्हणे, मले तुमच्या पत्रात घेऊ नका.

चोच लालच हाये. शपथ घ्याले लावू नको.

हे पाहा, मी शेतकरी माणूस. लेखी लेखी किती सांगू? एक सांगितलं का तू दोन इचारतं. हे माह्या डोळ्यानं होणारं काम नाई, जाणत्याच्याच डोळ्यानं व्हाले पाह्यजे. ढोलीतून आता पिलांची चिरचिर आयकू येते. दोघं बी दमून जातात घास आणू आणू. पाडव्याच्या सुमाराले पिलं उडून जातीन, मंग रिकामी ढोली पाहून काय करतं? मोह फुलाले लागला, सकाळी बांधावर असा वास येते का इचारू नको. ज्वारी घरात आली. पुढच्या हप्त्यात होळी हाये.

मी ये म्हणून राह्यलो नाई. फक्त काय हाये ते सांगून राह्यलो.

नागोराव


हैदराबाद
२६ मार्च २०२४

ती. भाऊजी,

आपलं बयान दर पत्रागणिक बदलत आहे. पहिल्या पत्रात चोचीचा उल्लेख नाही, तिसऱ्यात ती गुंजेसारखी लाल, चौथ्यात कपाळ उन्हावर अवलंबून. असं प्रकरण टेबलावर बसून निकाली निघत नाही. बांधाचा तंटा असला आणि दोन साक्षी जुळल्या नाहीत, की आम्ही काय करत होतो? मौका पाहणी. जागेवर जायचं, डोळ्यांनी बघायचं, मग लिहायचं. पाखरालाही तोच कायदा.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मधे मधे गाडी थांबवून पाय मोकळे करत जा, हरकत नाही. भार्गव रजा काढतो आहे. पाडव्याच्या आत पोचतो. मला पायऱ्या चढवत नाहीत, तेव्हा ओसरीवरच खाट टाका. विहिरीपर्यंत काठी घेऊन चालेन. बाकापर्यंत जातो त्याच्या दुप्पट ते अंतर असेल, असा माझा अंदाज आहे. जमेल.

आपला,
व्यंकटेश


मौजे मोहाळा
३० मार्च २०२४

चि. व्यंकू,

अक्काचा आशीर्वाद.

तुया भाऊजीले न सांगता लिहून राह्यली. ते इच्चोड्याच्या बाजाराले गेले, तुयासाठी नवी गादी आणाले. तू येतो म्हणून पत्र आलं तवापासून त्यांचे पाय जमिनीवर नाईत. साऱ्या गावात सांगत फिरले, आमचे साळेसाहेब पाहणीले येऊन राह्यले.

व्यंकू, चोच लाल नाई. काळी हाये, जराशी राखुंडी. मी रोज पाणी भराले जाते, रोज पाहते. दोघांची बी तशीच. कपाळ बी काळं नाई. नुसती डोळ्याची रेघ काळी हाये.

ते त्यांनी खोटं लिहलं. मी म्हटलं, अहो, असं काऊन लिहलं? तं म्हणे, सरळ ये म्हटलं तं येते का तो? त्याले उत्तर सापडलं का तो पुस्तक मिटून पुन्हा पडदा ओढून बसन. त्याले उत्तर सापडू द्याचं नाई. मले बी तवा हसू आलं. तू बागेत जाऊन राह्यला, तुया अक्षरात जीव येऊन राह्यला, म्हणून मी बी गप बसली.

पण आता तू खरंच येतो म्हणतं, तं मले भेव वाटून राह्यलं. तू दुखरा पाय घेऊन एवढ्या दुरून येशीन, बांधावर जाऊन उभा राहशीन, अन् लाल चोच काई दिसणार नाई. मंग तुले वाटन, ह्या लोकायनं मले फसवलं. रागानं निघून जाशीन अन् पुन्हा कधी पाय ठेवणार नाई. तुया राग मले लहानपणापासून ठाऊक हाये. त्यापेक्षा आताच सांगितलेलं बरं. भाऊजीवर राग नको धरू. त्यांचा तुयावर जीव हाये, त्यांना सांगता येत नाई, म्हणून असे धंदे करतात.

पाखरू मात्र खरं हाये रे. चिखल खरा हाये, पिलं खरी हायेत. कालच एका पिलानं भोकातून डोकं काढलं अन् लगेच आत घेतलं.

लाल चोचीसाठी येत असशीन तं येऊ नको. माह्यासाठी येत असशीन तं ये. माह्यात पाह्यासारखं काई राह्यलं नाई, केस सारे पांढरे झाले, दोन दात पडले. पण दारात तू उभा दिसला पाह्यजे असं मले लय वाटते. तुई याद आली का घास उतरत नाई. हे मी फोनवर कधी म्हणू शकली नाई.

तुई अक्का,
रुख्मिणी


हैदराबाद
४ एप्रिल २०२४

ती. आत्या,

सुनयनाचा नमस्कार. आधी तुमची माफी मागते. तुमचं पत्र बाबांच्या नावाचं होतं आणि मी ते फोडलं. ते आज दुपारी आलं, आणि बाबा नि भार्गव सकाळीच गाडीनं निघाले. पत्र उशिरा पोचलं. मला वाटलं काही निकडीचं असेल, म्हणून वाचलं, आणि वाचून स्वयंपाकघरात जाऊन रडले. फोन करणार होते, पण हे मला बोलून सांगता येणार नाही. माझं पत्र पोचेल तेव्हा बाबा तुमच्या ओसरीवर असतील. तेव्हा ते त्यांच्या नजरेआड वाचा, आणि नागोराव-मामाजींना तर अजिबात दाखवू नका.

तुम्ही भिऊ नका, एवढंच सांगायला लिहिते आहे.

गेला आठवडाभर बाबांची तयारी चालली होती. कपडे इस्त्री करून घेतले. दाढी करायला न्हाव्याला घरी बोलावलं नाही, स्वतः खाली जाऊन करून आले. तुमच्यासाठी त्यांनी मला बरोबर नेऊन लुगडं घेतलं. रंग निवडायला इतका वेळ लावला की दुकानदार कंटाळला. चालून चालून पाय सुजला होता, तर तो त्यांनी भार्गवला दिसू दिला नाही, मला तेवढा दाखवला आणि म्हणाले, मीठपाणी गरम कर, आणि तोंड बंद ठेव.

आज पहाटे निघायच्या गडबडीत मी सगळं पाहत होते. गोळ्या घेतल्या, काठी घेतली, पाण्याची बाटली घेतली. ते गाडीत बसले, दार लागलं, आणि माझं लक्ष गेलं तर त्यांची दुर्बीण आत खुंटीलाच. इतक्या लांब पाखरू बघायला चाललेत आणि दुर्बीणच विसरले! मी चप्पल न घालता धावत खाली गेले. काच वाजवली. म्हटलं, बाबा, दुर्बीण राहिली.

बाबा हसले. आत्या, ते पडल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "राहू दे गं. चोच काळीच आहे, लाल चोचीचं पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं. भाऊजींना खोटं लिहिता येत नाही, त्यांचं अक्षर तिरपं होतं. तू त्यांना सांगू नकोस, त्यांना वाटू दे आपण जिंकलो."

मी म्हटलं, पण निदान पिलं तरी दिसतील, घेऊन जा. तर मला म्हणाले, "अक्काला बघायला दुर्बीण कशाला लागते?"

गाडी फाटकाबाहेर गेली तरी मी ती हातात घेऊन तिथंच उभी होते. आत्या, भार्गवची रजा संपली की तो एकटाच परत येऊ दे. बाबांना घाईनं पाठवू नका.

तुमची,
सुनयना